पाऊस काढायचं पेन

डॉक्टरांच्या दवाखान्यात दोन जातींची टोकदार हत्यारं होती. एक जात लोकांच्या तोंडात जायची, दुसरी जायची नाही. या दोन जातींची सरमिसळ होऊ न देणं हे डॉक्टरांच्या बायकोचं काम होतं, आणि तिच्या मते अख्ख्या दवाखान्यात खऱ्या जबाबदारीचं काम तेवढं एकच होतं.

डॉक्टर दातांचे. चौकातल्या इमारतीत, चष्म्याच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांचा दवाखाना. बाहेरच्या खोलीत बाकं, एक टेबल, टेबलामागे बायको. आतल्या खोलीत ती खुर्ची. डॉक्टरांचा हात मऊ आणि आवाज त्याहून मऊ. दाढ उपटताना ते रोग्याची माफी मागत. रोगी गेल्यावर दाढेचीही मागत असावेत, असं बायको म्हणायची.

अशा सज्जन माणसाला नाद लागायचं खरं तर काही कारण नव्हतं. निमित्त झालं एका बिजागरीचं. घरातल्या कपाटाचं दार लोंबायला लागलं, तशी बिजागरी आणायला म्हणून डॉक्टर जुन्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदार बिजागऱ्यांचा डबा शोधत होता तेवढ्यात डॉक्टरांनी समोरची एक काळी, चपटी पेटी सहज उघडली.

"कंपासपेटी आहे," दुकानदार आतूनच म्हणाला. "पण शाळेतली नव्हे हां. मोठ्या माणसांची."

आत निळी मखमल होती, आणि हिरडीत दात बसावेत तशी एकेक वस्तू आपापल्या जागी घट्ट बसली होती. कंपास, त्याचे जोडायचे पाय, नकाशावर शाईची रेघ मारायचं दोन पात्यांचं पेन, माप उचलायचे दोन टोकांचे डिव्हायडर. जर्मन सिल्व्हरवर जुनी, मंद चमक. डॉक्टरांनी कंपास उचलला. त्याचे पाय उघडले, मिटले, परत उघडले. सांधा कुरकुरला नाही, अडखळला नाही, आणि जिथे सोडला तिथेच थांबला. असा सांधा डॉक्टरांना उभ्या आयुष्यात एकाही जबड्यात भेटला नव्हता.

ते पेटी घेऊन घरी आले. बिजागरी विसरले. कपाटाचं दार पुढे कितीतरी दिवस सुतळीने बांधलेलं होतं.

इथवरही ठीक होतं. पण त्या पेटीत एक खाच रिकामी होती. एक छोटासा कंपास कधीतरी हरवला होता आणि त्याच्या आकाराचा खड्डा मखमलीत तेवढा राहिला होता. आता मोकळी जागा दिसली की भरून काढायची, हा तर डॉक्टरांचा धंदाच. त्या खाचेसाठी त्यांनी दुसरी पेटी आणली. तिच्यातला छोटा कंपास पहिलीत बसेना, आणि तिच्यात भलतंच काहीतरी गायब होतं. तिसरी आणली ती दुसरीसाठी. असं करता करता घरात अशी परिस्थिती आली की टेबलाचा खण उघडावा तर पेटी, कपड्यांचं कपाट उघडावं तर पेटी, आणि पिठाच्या डब्यामागे हात घालावा तर तिथे एक लांबलचक लाकडी पट्टी, टोकाला आडवी पट्टी ठोकलेली.

"हे काय आहे?" बायकोने विचारलं.

"टी-स्क्वेअर. नाशपतीचं लाकूड आहे, बघ ना किती सरळ!"

"सरळ आहे म्हणून पिठामागे?"

"दमट हवेत वाकेल अशी भीती वाटली गं."

गंमत अशी की शाळा सुटल्यापासून डॉक्टरांनी स्वतः एक रेघसुद्धा मारलेली नव्हती. त्यांचं प्रेम होतं ते सांध्यांवर, स्क्रूंच्या बारीक कंगोऱ्यांवर, हस्तिदंती मुठींवर. रविवारी सकाळी ते दात घासायचा मऊ ब्रश घेऊन बसत आणि एकेका पेनाच्या पात्यांमधली कुणाची कुठली वाळलेली शाई अशी हळुवार काढत, की बायकोला वाटायचं, आता हे पेनाला चूळ भरायला सांगणार.

घरातलं हे सुख संपलं ते बायकोच्या भावामुळे. तो जेवायला आला, सोफ्यावर ऐसपैस बसला, आणि बसला तसाच ताडकन उभा राहिला. सोफ्यावर डॉक्टरांनी पुसून वाळत ठेवलेला डिव्हायडर होता. मेहुण्याने जो सूर लावला तो ऐकून शेजारचे दाराशी आले. डॉक्टर धावले, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "टोक वाकलं का?"

त्या दुपारी बायकोने निकाल दिला. "घरात एक तर ही टोकं राहतील, नाहीतर माझी माणसं."

डॉक्टर यावर विचार करायला लागले. ते त्यांनी करायला नको होतं.

दुसऱ्याच दिवशी सगळ्या पेट्या दवाखान्यात गेल्या. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून एक काचेचं कपाट आलं, आत दिवा लागला, आणि दिव्याखाली झळाळती टोकं ओळीने मांडली गेली. डॉक्टरांना वाटलं, वाट बघत बसलेल्यांची करमणूक होईल. पण ज्याची दाढ ठणकतेय आणि ज्याला आतून यंत्राची घरघर ऐकू येतेय, त्याच्यासमोर हातभर लांबीचा कंपास ठेवला तर त्याची काय करमणूक होणार? एक धिप्पाड ट्रकवाला कपाटाकडे बघत बघत पांढराफटक पडला आणि "गाडी चुकीच्या जागी लावलीय" असं पुटपुटत जो गेला तो गेलाच. शेवटी बायकोने ठळक अक्षरात पाटी लिहून काचेवर चिकटवली: 'यांतील कोणतीही वस्तू तोंडात घातली जात नाही.' त्यानंतर लोक जरा टेकून बसायला लागले.

अशात एक दिवस आर्किटेक्टबाई आल्या.

बाई सत्तरी ओलांडलेल्या, उंच, आखूड पांढऱ्या केसांच्या. गावातल्या निम्म्या शाळा, वसतिगृहं आणि वाचनालयं त्यांनी बांधलेली. परातीएवढ्या फळीवर उभं राहून चौथ्या मजल्यावरच्या गवंड्यांना त्या खडसावत तेव्हा खालच्या रस्त्यावरचे लोकसुद्धा चटकन सरळ चालायला लागत. आता निवृत्त झाल्या होत्या, आणि एका बदामाने घात केला होता. उजवीकडची दाढ तडकली होती.

त्या आत आल्या, त्यांनी कपाट बघितलं आणि तोंड असं केलं की बायकोला वाटलं, कळ आली.

"ई! हे कुणी जमवलं?"

"आमच्या डॉक्टरांनी."

"का? शिक्षा होती का काही?"

डॉक्टर आतून ऐकत होते. ते हातमोजे काढून धावत बाहेर आले. "म्हणजे तुम्ही हे वापरलंय?"

"वापरलंय? चाळीस वर्षं या मेल्यांनी मला वापरलं! मान गेली, पाठ गेली, सगळे चांगले कपडे शाईने गेले. कॉम्प्युटर आला त्या दिवशी माझी सगळी पेटी मी उचलून दिली ऑफिसच्या शिपायाला. म्हटलं, ने बाबा, दार अडकवायला घाल." आणि कपाटाकडे पाठ करून त्या बाकावर बसल्या. पुढे जेव्हा जेव्हा आल्या तेव्हा तशाच, पाठ करून बसल्या.

डॉक्टरांच्या काळजाला घरं पडली. पण दाढ ती दाढ. त्यांनी बाईंना खुर्चीत बसवलं, दिवा ओढला, दाढ बघितली आणि यंत्राला हात घातला. यंत्र घुंई करून बोललं मात्र, आणि चौथ्या मजल्यावरच्या बाई कुठल्या कुठे गेल्या! खुर्चीत राहिली ती डोळे गच्च मिटलेली, खुर्चीचे हात घट्ट धरलेली एक घाबरी मुलगी.

"थांबा!" त्यांनी एक डोळा उघडला. तो गेला खिडकीच्या कट्ट्यावर. तिथे डॉक्टरांनी घासायला काढलेलं एक रेघा मारायचं पेन होतं. "ते... ते पेन. त्याची एक गोष्ट सांगू?"

डॉक्टरांनी यंत्र बंद केलं.

बाईंनी गोष्ट सांगितली. एका वसतिगृहाचा नकाशा. कित्येक दिवसांचं काम, शेवटची रेघ उरलेली. पेनाच्या दोन पात्यांमध्ये शाईचा थेंब धरायचा असतो, जास्त झाला की तो घसरतो. थेंब जास्त झाला होता, आणि बरोबर तेव्हाच बाईंना शिंक आली. पहिल्या मजल्याच्या कोपऱ्यात बदकाच्या आकाराचा डाग पडला. ब्लेडने खरवडावा तर कागद फाटेल, नवा नकाशा काढावा तर वेळ नाही.

"मग?" डॉक्टर स्टुलाच्या कडेला आले होते.

"मग मी डागाभोवती चौकोन काढला आणि लिहिलं, 'कपाट'. ते बांधलं की हो त्यांनी! अजून आहे. आत काय ठेवायचं ते अजून कुणाला कळलेलं नाही."

डॉक्टर असे हसले की बाहेरच्या बाकावरच्या लोकांना पहिल्यांदाच आत जावंसं वाटलं. त्यांनी खोदून खोदून विचारलं: थेंब केवढा, पेन किती तिरपं, शाई कुठली. बाईंनी सांगितलं. एवढ्यात दारावर टकटक झाली. पुढच्या रोग्याची वेळ होऊन गेली होती. डॉक्टरांनी घाईघाईने दाढेत तात्पुरतं सिमेंट भरलं आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं.

खाली रस्त्यावर आल्यावर आर्किटेक्टबाईंचा जीव भांड्यात पडला. घुंई टळली होती. कशी टळली हेही त्यांच्या लक्षात आलं होतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी खुर्चीत बसता बसताच विचारलं, "डॉक्टर, आज काय घासताय?" त्या वेळी वळणदार रेघा काढायच्या लाकडी पट्टीची, फ्रेंच कर्व्हची, गोष्ट निघाली. त्याच्या पुढच्या वेळी टी-स्क्वेअरची. दाढ होती तिथेच, सिमेंट मात्र दर आठवड्याला नवं.

बाहेर बायकोचं टेबल होतं, आणि टेबलावर भेटीच्या वेळा होत्या. वेळा एकमेकींच्या डोक्यावर बसायला लागल्या.

"एका दाढेला एवढ्या फेऱ्या?" तिने विचारलं.

"अवघड दाढ आहे," डॉक्टर म्हणाले.

"दाढ अवघड आहे की बाई?"

अडचण अशी झाली की बाईंच्या खऱ्या गोष्टी संपत आल्या. भीती मात्र तशीच होती. आणि नेमक्या त्याच वेळी डॉक्टर एक लांबट हत्यार घेऊन आले. दोन पट्ट्या कात्रीसारख्या मध्ये जोडलेल्या, एका बाजूची टोकं लांब, दुसरीकडची आखूड. "बाई, हे भंगारवाल्याकडे सुटं मिळालं. कशासाठी असेल हो?"

आता इंटरनेटवर क्षणात कळलं असतं. पण चाळीस वर्षं हे काम केलेली बाई समोर बसलेली असताना यंत्राला काय विचारायचं, असा डॉक्टरांचा विचार. बाईंना ते हत्यार ठाऊक होतं, रोजच्या वापरातलं होतं. पण त्याची खरी माहिती एका वाक्यात संपली असती, आणि मग होतीच घुंई. बाईंनी खोल श्वास घेतला.

"हा वाटणी-कंपास," त्या म्हणाल्या. "भावाभावांत जमिनीची वाटणी करायची असली की हा काढायचे. लांब टोकं थोरल्याची, आखूड टोकं धाकट्याची."

"काय सांगता!"

"मधला स्क्रू आहे ना, तो सरकवता येतो. धाकट्याने फारच आरडाओरडा केला तर थोडा सरकवायचे."

डॉक्टर धन्य झाले. पुढच्या आठवड्यात त्यांनी एक पेन आणलं, त्याची पाती मुठीत भोवऱ्यासारखी आपोआप फिरायची. बाईंनी सांगितलं, हे दारू पिणाऱ्या ड्राफ्ट्समनसाठी असायचं. हात कितीही थरथरला तरी थरथर मुठीत जिरते आणि रेघ सरळ येते. प्रत्येक मोठ्या ऑफिसात एक ठेवलेलं असे, सोमवारसाठी. आणि त्यानंतर आलं ते छोट्या दातेरी चाकाचं पेन. सोबत डबीत आणखी चाकं, प्रत्येकाचे दाते निराळे. डॉक्टरांनी ती डबी दोन्ही हातांनी पुढे केली.

"हे पाऊस काढायचं पेन," बाई म्हणाल्या, आणि आपल्याच तोंडातून काय बाहेर पडतंय ते कुतूहलाने ऐकत राहिल्या. "नकाशात कुठे किती पाऊस पडतो ते दाखवायला. हे बारीक दात्यांचं चाक भुरभुर. हे मध्यम म्हणजे सरी. आणि हे मोठं, वादळ."

डॉक्टरांनी मोठं चाक चिमटीत उचलून दिव्यापुढे धरलं. मग हळूच म्हणाले, "वादळाला वेगळं चाक! केवढा विचार करायचे हो लोक!"

त्या आठवड्यातही सिमेंटच भरलं गेलं.

कपाटात आता माहितीच्या चिठ्ठ्या लागल्या. डॉक्टरांचं अक्षर औषधाच्या दुकानदारालाच वाचता येई, म्हणून लिहायचं काम बायकोकडे. 'वाटणी-कंपास' लिहिताना तिचा हात थांबला.

"थोरल्याला जास्त? कायद्याने सारखं असतं ना?"

"जुनं हत्यार आहे गं. जुना कायदा असेल."

"आणि पाऊस काढायचं पेन? अहो, ही बाई तुम्हाला बनवत तर नाही ना?"

"चाळीस वर्षांचा अनुभव आहे त्यांचा!" डॉक्टर एवढ्या मोठ्याने क्वचितच बोलत. बायकोने लिहिलं. चिठ्ठ्यांची तोंडं बाकांकडे होती आणि बाईंची पाठ कपाटाकडे, त्यामुळे आपल्या कर्तबगारीची कीर्ती अशी भिंतीला लागलीय हे बाईंना कळायचं काही कारण नव्हतं.

गावात जुन्या वस्तू जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं. दर काही महिन्यांनी ते कुणातरी सभासदाकडे जमायचं, वस्तू बघायचं, चहा प्यायचं आणि परत जाताना वस्तूंना नावं ठेवायचं. मंडळाचे अध्यक्ष घड्याळं जमवत. त्यांच्या भिंतीवर कुठलंच घड्याळ दुसऱ्याशी जुळत नसे, त्यामुळे ते स्वतः सगळीकडे उशिरा जात, आणि कुठल्याही विषयावर 'मला माहीत नाही' असं म्हणाल्याची मंडळात कुणाला आठवण नव्हती. या मंडळाला डॉक्टरांनी रविवारी दुपारी दवाखान्यात बोलावलं, आणि प्रमुख पाहुण्या म्हणून आर्किटेक्टबाईंना. बाईंनी हर प्रकारे नाही म्हणून बघितलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "तुम्ही नसता तर माझ्यासाठी हे सगळं मुकंच राहिलं असतं हो," आणि बाईंची नाही म्हणायची सोय राहिली नाही.

रविवारी बाकं भरली. बाईंना खास खुर्ची दिली होती, कपाटासमोर. त्यांनी पहिली चिठ्ठी वाचली. दुसरी वाचली. तिसरी वाचून त्यांनी दाराकडे नजर टाकली, पण दाराशी अध्यक्ष उभे होते, नुकतेच पोचलेले.

डॉक्टर बोलायला उठले. आवाज मऊच होता, पण डोळे चमकत होते. आधी त्यांनी वसतिगृहातलं कपाट सांगितलं. लोक मनमुराद हसले. मग वाटणी-कंपास हातात घेतला.

बाई खोकल्या. डॉक्टरांनी बायकोला पाणी आणायला सांगितलं आणि पुढे सुरू झाले: थोरल्याचं टोक, धाकट्याचं टोक, मधला स्क्रू.

"आमच्या काकांकडे होता हा!" अध्यक्ष म्हणाले. "म्हणूनच तर आमच्या घरात एवढी भांडणं."

बाई पुन्हा खोकल्या. कुणी लक्ष दिलं नाही.

मग थरथर जिरवणारं पेन झालं. अध्यक्षांनी तेही बघितलेलं होतं. आणि शेवटी डॉक्टरांनी डबी उघडली, चाकं तळहातावर घेतली आणि सांगितलं: भुरभुर, सरी, वादळ. किल्ल्या जमवणारे एक गृहस्थ पुढे झुकून ती चाकं बघत होते. त्यांना काहीतरी विचारायचं होतं.

"वादळाचं चाक दुर्मिळच," अध्यक्ष मध्येच म्हणाले. "माझ्याकडे सरींची तीन पडलीत. वादळ मिळत नाही."

"मला एक सांगा," किल्लीवाले म्हणाले, "गारा कशा दाखवायचे?"

डॉक्टरांनी मोठ्या विश्वासाने बाईंकडे बघितलं. "बाई, गारांसाठी वेगळं चाक असतं का हो?"

बाईंच्या तोंडात नेमकं बिस्कीट होतं. त्यांनी ते दाबून धरलं. डोळे मोठे केले, श्वास रोखला, छताकडे बघितलं, आपण बांधलेल्या सगळ्या इमारती आठवल्या. काही उपयोग झाला नाही. हसू आलं ते असं उसळून आलं की बिस्कीट एकीकडे, बशी एकीकडे, आणि ते आवरायला म्हणून बाईंनी जे दात आवळले, त्यात दाढ काड्कन बोलली.

हसण्याचं कधी विव्हळणं झालं ते कुणाला कळलंच नाही. बायको मात्र टेबलामागून उठली होती. "बास झालं आता," ती म्हणाली, आणि गवंड्यांना घाम फोडणाऱ्या बाईंना दंडाला धरून तिने आत नेऊन खुर्चीत बसवलं. "अहो, तुम्ही हात धुवा. सभा थांबेल, दाढ थांबायची नाही."

दार लावलं. बायकोने दिवा धरला. डॉक्टरांनी इंजेक्शन भरलं, तशी बाईंनी त्यांचं मनगट पकडलं.

"सुई टोचायच्या आधी एक सांगायचंय."

"बाई, आज गोष्ट नको."

"गोष्ट नाही. गोष्टी खोट्या आहेत ते सांगायचंय." आणि त्यांनी सांगितलं. घुंईला घाबरून थापा मारल्या. आधी एक मारली, ती खपली, मग सवय झाली.

"मला वाटलंच होतं," बायको म्हणाली.

डॉक्टर इंजेक्शन हातात धरून उभे राहिले. "सगळ्याच?"

"वसतिगृहाचं कपाट खरं. पेन, फ्रेंच कर्व्ह, टी-स्क्वेअर खरं. बाकी..."

"वाटणी?"

"नकाशा लहानमोठा करायला असतं ते. एका टोकाने माप घ्यायचं, दुसऱ्या टोकाला तेच माप लहान होऊन मिळतं."

"थरथर?"

"टेकड्यांच्या वळणाच्या रेषा काढायला. वळण येईल तसं पेन वळतं."

पुढचं नाव डॉक्टरांच्या तोंडून निघेना. बाईंनीच खाली बघत सांगितलं. "तुटक रेषांसाठी, डॉक्टर. दिसत नाही पण आहे, ते दाखवायला. जमिनीखालचा पाइप असतो, भिंतीमागचा जिना असतो. साधी ठिपक्यांची रेघ, लहान, मोठी."

डॉक्टरांनी मान हलवली. "मी माझ्या पुतण्याला फोन करून सांगितलं होतं पावसाचं," ते म्हणाले. "तो शिक्षक आहे. त्याने वर्गात सांगितलं असेल." मग त्यांनी दिवा जवळ ओढला. "तोंड उघडा."

ज्या माणसाला आपण आठवड्यामागून आठवडे बनवलं, तो आता हातात सुई घेऊन आपल्या तोंडावर वाकला आहे, ही जागा कुणालाच सुखाची वाटणार नाही. "रागावलात ना?" बाईंनी बारीक आवाजात विचारलं.

"हो. खूप. मोठ्ठं उघडा."

डॉक्टर कामाला लागले. यंत्र घुंई करून बोललं. बाईंनी डोळे मिटून कळ येण्याची वाट बघितली. वाट बघत राहिल्या. बाहेर मंडळ आपसांत गारांवर वाद घालत होतं, ते ऐकू येत होतं. यंत्र थांबलं, चालू झालं, परत थांबलं. कळ काही आली नाही.

"झालं," डॉक्टर म्हणाले. "तुकडा निघाला, दाढ वाचली. वर टोपी बसवायची, ती पुढच्या वेळी."

"ढालं?" बाईंची निम्मी जीभ झोपलेली होती. "एवढंत?"

"एवढंच होतं. पहिल्या दिवशीही एवढंच होतं."

ते बाहेर गेले आणि कसलाही आडपडदा न ठेवता त्यांनी मंडळाला सांगून टाकलं, की चिठ्ठ्यांतलं बरंचसं चूक आहे, खरं असं असं आहे, मला माफ करा. बोलताना कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण एक शब्द गाळला नाही.

"मला पहिल्यापासून माहीत होतं," अध्यक्ष म्हणाले. "यजमानाचा मान राखायचा म्हणून गप्प बसलो."

"मग ती तीन चाकं?" बायकोने विचारलं. अध्यक्षांना एकाएकी कुठेतरी पोचायचं होतं.

किल्लीवाले खरोखरच खट्टू झाले. "पण असं पेन असायला हवं होतं," ते जाताना म्हणाले. तेवढ्यात बाई बाहेर आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "फगळी तूक माधी. मनाफाफून फाफी मागते." मंडळाला एक अक्षर कळलं नाही. पण प्रमुख पाहुण्या बोलल्या म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी चिठ्ठ्या काढून टाकल्या. त्या आठवड्यात ब्रशला हात लावला नाही. बायकोने एकदा आपण होऊन विचारलं, "आज पेट्या पुसायच्या नाहीत का?" आणि हा प्रश्न आपण विचारतोय याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

"बाई टोपी बसवायला येणार नाहीत," डॉक्टर म्हणाले. "लाजतील."

बाई आल्या. वेळेच्या आधी आल्या, काखेत कागदाची भलीमोठी गुंडाळी, हातात शाईची बाटली आणि अंगावर जुना, शाईच्या डागांनी भरलेला कोट. गुंडाळी आणि बाटली टेबलावर ठेवून त्या सरळ आत गेल्या आणि आपणहून खुर्चीत बसल्या. घुंई झाली तेव्हा पांढऱ्या पडल्या, पण गोष्ट सांगितली नाही.

टोपी बसली. त्या उठल्या, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कपाटाची किल्ली द्या."

शेवटचा रोगी गेलेला होता. त्यांनी बायकोच्या टेबलावरचा सगळा पसारा बाजूला केला, कागद पसरला, चारी कोपरे चिकटवले, आणि कपाटातल्या सगळ्यांत चकचकीत पेनाला हात घातला. डॉक्टरांचा हात आपोआप पुढे आला. "ते आत्ताच पॉलिश केलंय हो..."

"पेन आहे ना हे?"

"आहे."

"मग शाई पिऊ दे त्याला. मला हे आवडत नाही, आधीच सांगून ठेवते. पण खोटं सांगितलंय तर आता खरं दाखवणं आलं."

थेंब पात्यांमध्ये धरला. टी-स्क्वेअर टेकवला. पेन ओढलं, आणि अर्ध्या वाटेत शाई पट्टीखाली शिरून पसरली. बाईंनी जो शब्द उच्चारला तो बांधकामावरचा होता. "बघा! बघा! म्हणून मी यांचा राग करते!" त्यांनी पुसलं, परत थेंब भरला. तेही बिघडलं. मग कोटाच्या बाह्या सरसावल्या, श्वास सोडता सोडता पेन ओढलं, आणि काळी, ओली, एकसारखी रेघ कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली. पाती कागदावरून जाताना रेशीम फाडावं तसा बारीक आवाज होत होता. डॉक्टरांनी इतकी वर्षं ही पेनं घासली होती, पण त्यांना आवाज असतो हे त्यांना आज कळत होतं.

बायको ओणवी होऊन बघत होती. "अजून एक काढा," ती म्हणाली.

बाईंनी अजून काढल्या, कपाळाला आठ्या घालून, प्रत्येक रेघेला शिव्या देत. मग पेन डॉक्टरांच्या हातात दिलं. जो हात लोकांच्या जबड्यात केसभर हलत नसे, तो कोऱ्या कागदावर पिंपळाच्या पानासारखा हलायला लागला. पहिली रेघ सुरुवातीला जाड, मध्ये गायब, शेवटी तळं.

"माफ करा," डॉक्टर म्हणाले.

"कुणाला म्हणताय? मला की कागदाला?"

तेव्हापासून दर बुधवारी, दवाखाना संपला की, बायको टेबल मोकळं करून देते. बाईंचे सगळे दात आता ठणठणीत आहेत, तरी भेटीच्या वेळांत त्यांचं नाव असतं. कपाटातली निम्मी पेनं शाईने काळी झाली आहेत. बायको कंपासने वर्तुळं काढते आणि ती चांगली येतात, यावर डॉक्टर फारसं बोलत नाहीत. त्यांना स्वतःला वर्तुळापर्यंत पोचायची परवानगीच नाही, ते अजून रेघेवर आहेत.

गेल्या बुधवारी त्यांची एक रेघ डाग न पडता पलीकडे पोचली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठे न तुटता. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि श्वास रोखून बाईंकडे बघितलं. बाईंनी चष्मा वर सरकवला, कागदावर नाक टेकेल इतक्या खाली वाकल्या आणि रेघेवरून सावकाश नजर फिरवत गेल्या.

"जाडी सारखी नाही," त्या म्हणाल्या. "पुन्हा."

"पुन्हा!" डॉक्टर आनंदाने म्हणाले आणि शाईच्या बाटलीचं झाकण उघडायला लागले.